बटणांचा अणू

रिकाम्या जागा भरा

"सहा लाल, सहा पांढरी आणि सहा अगदी बारीक — बाहुलीच्या झग्याला लावतात ना, तसली."

दुकानाच्या दारात एक उघडी छत्री उभी होती आणि आवाज छत्रीच्या आतून येत होता. छत्री मिटली. आत एक तरुण मनुष्य निघाला. चष्म्यावर पावसाचे थेंब, बाहीवर खडूची पांढरी भुकटी, आणि चेहरा असा की आपण फार सोपं काहीतरी मागितलंय अशी त्याची खात्री.

काउंटरमागच्या मुलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला सगळे सुई म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण आत्याने लहानपणीच हे ठेवलं — अंगाने बारीक, वागायला सरळ आणि जिभेला टोक. दुकान आत्याचंच. बटणं, दोरे, हुक, चेन, लेस. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलंच एक बटण शिवलेलं, म्हणजे वाचायची कटकट नको.

"सहा कशाला? शर्टाला सात लागतात," सुई म्हणाली.

"शर्ट नाही. कार्बन आहे."

"काय आहे?"

"कार्बन. म्हणजे कोळसा... म्हणजे कोळशाचा सगळ्यात लहान कण. अणू." तो घाईघाईने सांगू लागला. "मी पलीकडच्या प्रशिक्षण केंद्रात रसायन शिकवतो. अगदी पहिल्या पायरीची मुलं आहेत. त्यांना दाखवायचंय. मध्यभागी लाल आणि पांढरी एकत्र, गच्च. ते केंद्रक. लाल म्हणजे प्रोटॉन, पांढरी म्हणजे न्यूट्रॉन. आणि बारीक ती लांब, बाहेर. इलेक्ट्रॉन."

सुईने लालचा खण ओढला, बोटांनी ढवळला आणि कपाळाला आठी घातली.

"पाचच आहेत. एक केशरी देते."

"नाही चालणार."

"का? ते काय खरंच लाल असतात?"

तो थांबला. चष्मा काढून पुसला. "नाही... रंगच नसतो त्यांना. एवढे लहान असतात की रंग ही भानगडच तिथे नाही."

"मग केशरीने काय घोडं मारलंय?"

"मुलं विचारतील ना, हा एकटा वेगळा का? आणि प्रोटॉन सगळे अगदी एकसारखे असतात. कुठलाही कुठेही ठेवा."

"मग पाचच घ्या."

"पाच घेतली तर तो कार्बन राहत नाही. बोरॉन होतो."

"एका बटणाने?"

"एका लाल बटणाने. पांढरं एखादं कमी-जास्त झालं तर नाव बदलत नाही, वजन बदलतं. बारीक एखादं निसटलं तरी तो तोच. पण लाल एक गेलं की तो... तो राहतच नाही."

सुई हसली नाही, पण ओठांचा एक कोपरा तिला विचारल्याशिवाय वर गेला. तिने कात्री उचलली आणि आपल्याच लोकरी जाकिटाच्या बाहीवरचं लाल बटण कचकन कापून काउंटरवर ठेवलं.

"घ्या. कोळशाचा जीव वाचला."

तो बटणाकडे बघत राहिला. मग तिच्या उघड्या बाहीकडे. मग कशाकडेच नाही.

"अहो... थंडी वाजेल."

"मला? मी काय बोरॉन होणारे का?"

(वाचकांनो, इथे एक रिकामी जागा सोडली आहे. छत्री उघडून तो रस्ता ओलांडेपर्यंत सुई त्याच्याकडे ________ बघत होती. तिला विचाराल तर ती म्हणेल, "कोण? मी? मी लेस मोजत होते.")


फरक स्पष्ट करा

पुढच्या आठवड्यात मास्तर नायट्रोजनसाठी आला. मग ऑक्सिजनसाठी. आत्या गल्ल्याजवळच्या स्टुलावरून हे बघत असे. "हा मनुष्य शर्ट शिवत नाही, कोट शिवत नाही," ती म्हणाली, "हा जग शिवायला बसलाय की काय?"

एके दिवशी धो धो पावसात तो ठिबकत आला आणि म्हणाला, "एक लाल. एक बारीक."

"बस?"

"हायड्रोजन. त्याला एवढंच लागतं. पांढरंसुद्धा लागत नाही."

"एका बटणासाठी ह्या पावसातून आलात?"

"दोन बटणांसाठी," मास्तर म्हणाला, आणि त्याचे कान मात्र त्या एका लाल बटणासारखे झाले.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. सुईने काउंटरवर फडकं पसरलं आणि त्याने ओल्या बोटांनी कार्बन मांडून दाखवला. मध्ये ढीग. भोवती खडूने दोन वर्तुळं. आतल्या वर्तुळावर दोन बारीक बटणं, बाहेरच्यावर चार.

"आतलं कवच दोनातच भरतं. बाहेरच्यात आठ मावतात. ह्याच्याकडे चारच आहेत. म्हणून हा सतत जोडीदार शोधत असतो. चार."

"चार! हावरटच आहे."

"तर. म्हणून तर जगात इतक्या वस्तू त्याच्या बनतात. लाकूड, साखर, तुमचा लोकरी धागा."

"आणि ही लाल नि बारीक एकमेकांचे कोण?"

"लालवर धन प्रभार, बारीकवर ऋण. दोन्ही सारखेच, पण उलट. सहा धन, सहा ऋण. म्हणून एकूण अणू उदासीन असतो."

आत्याने स्टुलावरून मान वर केली. "का हो? कोण गेलं त्याचं?" आणि उत्तराची वाट न बघता ती आत चहा टाकायला गेली.

मास्तर हसू दाबत म्हणाला, "उदास नव्हे. उदासीन."

"फरक काय? एका अक्षराने दुःख कमी होतं?"

"उदास म्हणजे काहीतरी कमी आहे. उदासीन म्हणजे... बेरीज जुळलेली. जेवढं धन तेवढं ऋण."

"म्हणजे शून्य."

"शून्य, पण हा रिकामा खण आहे ना, तसं नाही." त्याने लालचा ओढलेला खण दाखवला. "ह्यात काहीच नाही म्हणून शून्य. अणूत सगळं आहे. आत ओढाताण चाललीय, सगळे जागच्या जागी आहेत, फक्त बाहेर काही शिल्लक राहत नाही. कुठे उणं नाही, कुठे जास्त नाही."

"मग 'समाधानी' म्हणा की सरळ."

"परीक्षेत समाधानी लिहिलं तर मार्क जातील."

सुई खुदकन हसली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मास्तरने एक बारीक बटण उगाच दोन बोटांत फिरवलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग बटणालाच सांगितल्यासारखं म्हणाला,

"माझंही असंच होतं हल्ली. वर्गात उणं. खोलीवर उणं. आणि इथे आलो की —"

"की?"

"— उदासीन."

आतून आत्या कपबश्या वाजवत आली. दोघेही एकदम कार्बनमध्ये डोकं घालून बसले. आत्याला वाटलं, पोरगी अभ्यासाला लागली. चांगलं आहे.


करून बघा

साहित्य: एक लाल बटण. एक बारीक बटण. एक रस्ता. दोन माणसं.

"तुमचं चित्र खोटं आहे," एका दुपारी सुई म्हणाली. "वर्तुळं इतकी जवळ असतात का खरंच?"

"खोटंच आहे. खरं काढायचं तर फळा पुरणार नाही. दुकान पुरणार नाही."

"मग कुठवर जाईल?"

"चालून बघायचं?"

आत्या म्हणाली, "जा, पण अंधाराच्या आत तो अणू सापडू दे." सुईने हायड्रोजनचं लाल बटण काउंटरच्या बरोबर मध्यावर ठेवलं आणि बारीक बटण मुठीत घेऊन ती बाहेर पडली. पाऊस थांबला होता. रस्ता ओला, आभाळ धुतल्यासारखं.

चांभाराचं दुकान आलं.

"इथे?"

"छे."

बेकरी आली. ताज्या पावाचा वास आला.

"इथे? भूक लागलीय हो तुमच्या इलेक्ट्रॉनला."

"अजून नाही." पण त्याने थांबून दोन बिस्किटं घेतली. एक तिला दिलं.

पोस्ट आलं, गेलं. छापखाना. गुलाबी भिंतीचं घर. कालव्यावरच्या लहान पुलाच्या मध्यावर मास्तर थांबला.

"इथे कुठेतरी."

"कुठेतरी? मास्तर लोक असं बोलतात?"

"नेमकं सांगताच येत नाही. तो वर्तुळावर ठरलेल्या जागी फिरत नाही खरं तर. कुठे असण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. धुकं असतं ना, तसं."

"आमच्या आत्याचा चष्मा असतो तसं."

सुईने मागे वळून पाहिलं. दुकान दिसतही नव्हतं. तिकडे काउंटरवर एक लाल बटण, इकडे तिच्या मुठीत खसखशीएवढं दुसरं.

"मधे काय असतं?"

"काही नाही."

"एवढा बाजार आहे मधे."

"बाजार धरायचा नाही."

"हवा तरी?"

"हवासुद्धा अणूंचीच. मधे काहीच नाही. सगळं वजन त्या बटणात, आणि बाकी मोकळं."

"मग इतक्या लांबून ही दोघं एकमेकांना धरून कशी राहतात?"

"ओढ असते," मास्तर म्हणाला.

हा शब्द त्याने वर्गात कितीदा तरी उच्चारला असेल. पुलावर त्याचा आवाज वेगळा आला. खालचं पाणी उगाच गडबडीने पुढे गेलं.

"मग तो जाऊन चिकटत का नाही?" सुईने हळू विचारलं.

"हा प्रश्न भल्याभल्यांना पडला होता. त्याला ठरावीक पायऱ्यांवरच उभं राहता येतं. सगळ्यात खालच्या पायरीवर आला की त्याच्या खाली पायरीच नाही."

"म्हणजे ओढ आहे, आणि दारात उभा आहे. आत येत नाही." तिने बिस्किटाचा तुकडा मोडला. "भित्रा आहे म्हणा की."

मास्तरने आपलं बिस्किट न खाताच खिशात टाकलं. मग म्हणाला, "एक सांगायचं होतं. माझ्या ताईच्या गावी एक कॉलेज आहे. त्यांनी मला बोलावलंय. कायमची जागा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

सुईचा हात पुलाच्या कठड्यावर होता तिथेच राहिला.

"आणि इथली?"

"इथली तात्पुरती. मुख्याध्यापिका म्हणतात, मुदत वाढवून देते. पण तात्पुरतीच."

"मग विचार कसला? कायमची ती कायमची."

"हो. इथे राहायला काही कारण हवं ना. कारण असेल तर... माणूस राहतो."

तिने त्याच क्षणी बोलायला हवं होतं. गिऱ्हाइकाला बोलता बोलता चिमटे काढणारी ही सुई त्या पुलावर मात्र भोक नसलेलं बटण झाली. दोरा जाईना.

"अभिनंदन," ती म्हणाली.

प्रयोगाचा निष्कर्ष: परतताना रस्ता जाताना होता त्यापेक्षा लांब भरला.


चूक की बरोबर?

दोन दिवसांनी मास्तरची ताई आली. भावाला बघायला आली होती, पण भावाने तीन वाक्यांत चारदा बटणांचं दुकान काढल्यावर तिला जे समजायचं ते समजलं. ती मोठ्या रुग्णालयात नर्स होती. पाळी बदलताना पुढच्या नर्सला अख्खा रोगी दोन ओळींत सांगायची तिला सवय. बोलणंही तसंच, वॉर्डच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल असं.

त्या वेळी दुकान भरलेलं होतं. शाळांचे गणवेश शिवायचे दिवस. एक शिंपीकाका चेन निवडत होते, दोन बायका एकाच लेसवरून भांडत होत्या, आत्या शिडीवर होती.

"तूच का ती सुई?" ताई काउंटरवर पर्स ठेवत म्हणाली.

"हो. तुम्ही?"

"मी कार्बनवाल्याची ताई."

सुईच्या हातातून हुकांची पुडी सुटली.

"मला वेळ कमी आहे, म्हणून सरळ विचारते. हा मूर्ख स्वतः विचारणार नाही. तुला माझ्या भावाबद्दल काय वाटतं?"

शिंपीकाकांची चेन अर्ध्यावर थांबली. बायकांनी लेस सोडली. शिडीवरची आत्या पायरी उतरता उतरता तशीच उभी राहिली, एक पाय हवेत.

सुई खाली वाकून हुक गोळा करू लागली. कानशिलं तापली होती. एवढ्या लोकांत काय सांगायचं? आवडतो म्हणायचं? शिंपीकाका संध्याकाळपर्यंत पाच गल्ल्या शिवून येतील. आणि मग तिला ते आठवलं. तो पाऊस, ते फडकं, दोन बोटांत फिरणारं बारीक बटण. ह्या दुकानात एकच शब्द असा होता, जो ह्या सगळ्यांसमोर सांगता येईल आणि कळेल मात्र एकालाच.

मान खाली घालूनच ती म्हणाली, "त्यांना सांगा... मी उदासीन आहे."

ताईला तिचा फक्त भांग दिसत होता.

"नक्की?"

"अगदी. हाच शब्द सांगा."

"बरं," ताई म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

आत्याने हवेतला पाय खाली ठेवला. शिंपीकाका हळहळत म्हणाले, "चांगला दिसत होता हो मुलगा. असो." आणि त्यांनी चेन ओढून बंद केली.

सुई त्या संध्याकाळी गुणगुणत खण पुसत होती. आत्या तिच्याकडे बघून मान हलवत राहिली. ह्या पिढीचं काही कळत नाही.

आता विधान: *सुईने होकार दिला.* चूक की बरोबर?

बरोबर.

विधान: *होकार पोचला.*

...


मधली जागा

बुधवार. मास्तर आला नाही.

सुईने दाराकडे तोंड करून लेस गुंडाळली.

गुरुवार.

पाऊस. समोरच्या फुटपाथवरून एक छत्री गेली. छत्री खाली धरलेली होती, फार खाली.

काहीच नाही.


चूक दुरुस्त करा

शुक्रवारी सकाळी ताई पुन्हा आली. ह्या वेळी तिने हसून पाहिलं नाही.

"तपकिरी बटण, कोटाचं. चार भोकांचं. भावाच्या कोटाचं तुटलंय. नवीन जागी काय असा जाणार?"

सुईच्या हातातला खण अर्धा बाहेर, अर्धा आत. "नवीन जागी? म्हणजे... जाणार ते?"

"आज दुपारी फोन करतोय होकाराचा. दोन दिवस नुसता बसून आहे. मीच म्हटलं, बाबा रे, आटप."

"पण ताई, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? माझं?"

"सांगितलं हो. त्याच रात्री, जेवताना. म्हटलं, जाऊन आले, बोलले, तिला रस नाही. भाजी घे."

"मी असं कधी म्हणाले?"

"उदासीन म्हणालीस ना?"

"हो! उदासीन!"

"मग तेच ते."

"तेच ते नाही! अहो, उदासीन म्हणजे — धन आणि ऋण — बेरीज जुळलेली — कुठे उणं नाही —" सुईने हात असे हलवले की खण निसटला आणि कोटाची बटणं फरशीवर चौफेर पळाली. "हाच शब्द सांगा म्हटलं होतं मी!"

ताईने कपाळाला हात लावला. "अगं बाई, मला वाटलं नकारच आहे, निदान मऊ करून सांगू." मग तिचा वॉर्डातला आवाज परत आला. "आणि तुम्ही माणसांसारखं का बोलत नाही गं? आवडतो म्हण, नाही म्हण! शिक्षकाच्या नादाला लागून पोरगी पुस्तकात बोलायला लागली!"

"मलाही वाटलं नकारच दिला," आत्या म्हणाली. "म्हटलं, नकार देऊन गातेय कशी?"

"तास कुठे आहे त्यांचा?" सुई काउंटरवर हात टेकून बाहेर उडी मारत म्हणाली.

"वरच्या मजल्यावर. अगं, छत्री —"

पण ती रस्त्यात होती.


स्वतःच्या शब्दांत सांगा

प्रशिक्षण केंद्राच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्षाचा वर्ग भरला होता. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभा होता. फळ्यावर सोडियम. दोन, आठ, आणि बाहेर एकटं एक.

"बाहेरचा हा एकटा इलेक्ट्रॉन," तो कोरड्या आवाजात सांगत होता, "फार काळ टिकत नाही. सोडून जातो. मग —"

दार धाडकन उघडलं. केस ओले, एक चप्पल हातात, श्वास गळ्यात अडकलेला.

"मी रस नाही असं म्हणालेच नाही!"

सगळा वर्ग वळला. मास्तरच्या हातातला खडू मोडला.

"मी म्हणाले होते — उदासीन. ताईंनी सारांश केला."

"उदासीन?" मास्तर म्हणाला.

"हो."

"तो... आपला?"

"दुसरा कुठला?"

पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "अगं, म्हणजे धन तेवढं ऋण!" आणि वर्गभर हशा पिकला. पहिल्या पायरीची मुलं, पण हा धडा त्यांचा पक्का होता.

मास्तर हसला नाही. त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो लहान दिसायचा. "दोन दिवस मला हेच पटत नव्हतं. 'रस नाही' हे तुमचं वाक्यच नव्हे. तुम्ही 'चालते व्हा' म्हणाला असता."

"मग विचारायला यायचं होतं!"

"भीती वाटली. तुम्हीच म्हणाला होतात ना, भित्रा." तो एक पाऊल पुढे आला, मग थांबला. "पण एक... मी वर्गात नेहमी सांगतो. व्याख्या पाठ म्हणू नका. कळलं असेल तर स्वतःच्या शब्दांत सांगा."

मागच्या बाकांवरची मुलं नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकली.

सुईने हातातली चप्पल खाली ठेवली. पायात घातली. पदवी घ्यायला आल्यासारखी सरळ उभी राहिली.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी दारात छत्री बोलली तेव्हापासून. पुलावर मी अभिनंदन म्हणाले ते खोटं होतं. जाऊ नका. पुरे?"

"पुरे," मास्तर म्हणाला. त्याला त्याहून जास्त काही म्हणायचं असावं, कारण त्याचे ओठ हलत राहिले. मग तो वर्गाकडे वळला. "सोडियम... तुम्ही वाचा. मला एक फोन करायचाय."

"सर, पूर्ण मार्क द्या त्यांना!" मागून कोणीतरी ओरडलं.


कारणे द्या

फोन मुख्याध्यापिकेच्या खोलीत होता. मुख्याध्यापिका टेबलाशी बसून कागद वाचत होत्या आणि आपण काही ऐकत नाही हे दाखवायला पानं जरा जास्तच वाजवत होत्या. सुई दाराशी उभी राहिली. जाकिटाच्या टोकातून पाणी ठिपकत होतं.

"हो, मीच बोलतोय," मास्तर फोनवर म्हणाला. "आपले फार आभार. पण मला येणं जमणार नाही... नाही, नाही, पगाराचं काही नाही... राहायच्या जागेचंही नाही. आपण सगळं उत्तमच..."

तिकडून बराच वेळ कोणीतरी समजावत होतं. मास्तर फोनची तार बोटाला गुंडाळत, सोडत राहिला. मग तिकडून एक छोटा, सरळ प्रश्न आला असावा, कारण तार बोटावर तशीच राहिली. त्याने सुईकडे पाहिलं. ओले केस, लालबुंद नाक, घाईत उलटी घातलेली चप्पल.

"कारण?" तो म्हणाला. "कारण घरगुती आहे."

आणि त्याने फोन ठेवला.

मुख्याध्यापिकांचं पान वाजायचं थांबलं.

"घरगुती?" सुई म्हणाली. "खोलीवर एक धड पातेलं नाही तुमच्या, ताई सांगत होत्या. आणि म्हणे घरगुती!"

"रजेच्या अर्जात सगळे तेच लिहितात."

"त्यांच्याकडे घर असतं म्हणून."

"कारण तर मिळालं," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज कापत होता आणि तो हसत होता, दोन्ही एकाच वेळी. "घर काय... तू म्हणशील तिथे."

तो शब्द त्याच्या तोंडून निसटला आणि त्यालाच ऐकू आला. तो जीभ चावून मुख्याध्यापिकेकडे बघू लागला, फोनकडे बघू लागला, छताकडे बघू लागला.

"काय म्हणालात?"

"घर... कुठेही —"

"त्याच्या आधी."

बाहेर पाऊस चांगलाच कोसळायला लागला होता. वरच्या मजल्यावर बाकं सरकवल्याचा आवाज आला. अख्खा वर्ग जिन्यात येऊन कान देत असावा. मुख्याध्यापिका उठल्या, "मला जरा... खडूंची पेटी बघायचीय," असं भिंतीला सांगून बाहेर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

"तू," मास्तर म्हणाला. अगदी हळू.

सुई दोन पावलं पुढे आली.

"पुन्हा म्हण."